सहा पानं, सात पैसे

(परभणीत पत्रकार दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज सहा जानेवारी. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचा ‘दर्पण’ निघाला, म्हणून आपण दरवर्षी त्यांच्या फोटोला हार घालतो, दोन-चार पत्रकारांना शाल-श्रीफळ देतो, चहा घेतो आणि घरी जातो. त्यात वाईट काही नाही. पण आज मी बाळशास्त्रींवर बोलणार नाही. ‘दर्पण’ला शंभर वर्षं भरायला पाच दिवस कमी असताना, म्हणजे १ जानेवारी १९३२ ला, पुण्यात एक दैनिक निघालं. त्याचं नाव ‘सकाळ’ आणि ते काढणाऱ्या माणसाचं नाव नारायण भिकाजी परुळेकर. नानासाहेब परुळेकर. त्यांच्यावर बोलायचंय.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. या माणसावर माझा अनेक वर्षं राग होता. मी त्यांना कधी भेटलो नाही, ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. तरीही राग होता. तुमच्यापैकी काही जुन्या लोकांना आठवत असेल, मी इथे परभणीत अकरा वर्षं एक साप्ताहिक चालवलं. ते का बंद पडलं याचा हिशेब मांडताना एका वडीलधाऱ्या वकील साहेबांनी मला परुळेकरांचं नाव सांगितलं होतं. ती गोष्ट पुढे येईलच. आधी माणूस समजून घेऊ.

परुळेकर १९२० च्या दशकात अमेरिकेला शिकायला गेले. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथूनच डॉक्टरेट घेतली. कोलंबिया म्हटलं की आपल्याला बाबासाहेब आठवतात, आणि ते बरोबरच आहे. बाबासाहेब तिथे १९१३ ला गेले आणि परत आल्यावर १९२० च्या ३१ जानेवारीला त्यांनी ‘मूकनायक’ काढला. एकाच विद्यापीठातून आलेली दोन माणसं, दोघांनीही मराठीत वर्तमानपत्र काढलं, आणि दोघांची वाट किती वेगळी बघा. बाबासाहेबांना आपल्या माणसांचा आवाज हवा होता, कारण बाकीचे पेपर त्यांच्याबद्दल बोलतच नव्हते. परुळेकरांना सगळ्यांसाठी बातमी हवी होती. दोन्ही गरजा खऱ्या होत्या. पहिली जास्त निकडीची होती असं मला वाटतं, पण तो आजचा विषय नाही.

परुळेकरांनी अमेरिकेत काय बघितलं असेल? ते समजायचं असेल तर कोलंबियातल्या पत्रकारितेच्या शाळेची गोष्ट सांगावी लागते. ती शाळा १९१२ ला सुरू झाली जोसेफ पुलित्झर नावाच्या माणसाच्या पैशावर. मृत्युपत्रात त्याने वीस लाख डॉलर ठेवले होते. हा पुलित्झर मूळचा हंगेरीचा. १८६४ साली सतराव्या वर्षी अमेरिकेत उतरला तो सैन्यात भरती व्हायला, कारण तिकडे यादवी युद्ध चालू होतं आणि माणसं कमी पडत होती. इंग्रजी धड येत नव्हतं. जर्मन मात्र यायचं. युद्ध संपल्यावर सेंट लुईस गावी गेला, खेचरं सांभाळण्यापासून वाढप्यापर्यंत पडेल ते काम केलं, आणि १८६८ ला ‘वेस्टलिश पोस्ट’ या जर्मन भाषेतल्या दैनिकात बातमीदार म्हणून लागला.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेत जर्मन पेपर कशाला? अहो, लाखोंनी जर्मन लोक तिकडे गेले होते. शेतकरी, सुतार, दारू गाळणारे, छापखानेवाले. त्यांची गावंच्या गावं होती. न्यूयॉर्कमध्ये ‘श्टाट्स-त्साइटुंग’ नावाचा जर्मन पेपर १८३४ पासून निघत होता आणि त्याचा दबदबा इंग्रजी पेपरांसारखाच होता. घरची भाषा वाचायला मिळते, नव्या देशाचा कायदा कळतो, नोकरीची जाहिरात कळते, गावाकडून आलेल्या जहाजाची बातमी कळते. आपल्याकडचा माणूस सुरतला किंवा हैदराबादला गेला की मराठी पेपर शोधत फिरतो, त्यातलाच प्रकार.

आणि अशा पेपरांवर संकट कधी आलं? १९१७ ला. अमेरिका पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरली आणि परक्या भाषेतल्या वर्तमानपत्रांसाठी कायदा आला: युद्धाबद्दल, सरकारबद्दल काही छापायचं तर त्याचं इंग्रजी भाषांतर आधी पोस्टमास्तरकडे दाखल करा. छोट्या संपादकाने बातमी लिहायची की भाषांतरं करत बसायचं? कितीतरी पेपर त्यात गेले.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण परभणीकरांना हे कळायला जड जाऊ नये. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरी उर्दू, न्यायालय उर्दू, उस्मानिया विद्यापीठ उर्दू, आणि घरात मराठी. सभा घ्यायची तर परवानगी, ‘गश्ती निशान ५३’. बाहेरच्या कितीतरी पेपरांना राज्यात यायला बंदी. आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं, त्यावर बंदी आली, की नाव बदलून काढलं, त्यावर बंदी आली, की आणखी नाव बदललं. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ ला परतूरला झालं, आणि परतूर तेव्हा आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. तेव्हा पेपर म्हणजे चहासोबत चाळायची वस्तू, ही कल्पना आपल्याकडे अलीकडची आहे. आपल्या आजोबांसाठी तो धोतराच्या घडीत लपवून आणायचा माल होता.

बरं, पुलित्झरकडे परत येतो, कारण त्याचं एक गणित पुढे कामाला येणार आहे. १८७८ ला त्याने लिलावात ‘डिस्पॅच’ नावाचा मोडकळीला आलेला पेपर अडीच हजार डॉलरला घेतला. १८८३ ला न्यूयॉर्कमध्ये ‘वर्ल्ड’ घेतला. तेव्हा तिथले मोठे पेपर तीन-चार सेंटला विकले जायचे. ‘वर्ल्ड’ आठ पानांचा आणि किंमत दोन सेंट. वाचक धावले, आणि बाकीच्यांना झक मारून किमती खाली आणाव्या लागल्या. पुढे १८९५ ला हर्स्ट आला, त्याने एक सेंटचा पेपर काढला, की पुलित्झरही एक सेंटवर. मग ही जी घट आली ती कुठून भरून काढायची? जाहिरातीतून. आणि थोडी पेपर विकणाऱ्या पोरांच्या खिशातून. ही पोरं शंभर अंक पन्नास सेंटला विकत घेऊन रस्त्यावर विकायची. १८९८ च्या युद्धात त्यांचा दर साठ सेंट केला, युद्ध संपलं तरी ‘वर्ल्ड’ आणि हर्स्टच्या ‘जर्नल’ने तो खाली आणला नाही, म्हणून १८९९ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या पोरांनी संप केला. दोन आठवडे. शेवटी दर तोच राहिला, पण न विकलेले अंक मालक परत घेणार असं ठरलं. आपल्या बसस्टँडवरचा स्टॉलवाला आज ‘रिटर्न’ म्हणून जे गठ्ठे बांधतो ना, त्यासाठी कुठेतरी दहा-बारा वर्षांची पोरं भांडलेली आहेत.

तर बातमी हाच माल, तो सोप्या भाषेत, स्वस्तात, रोज आणि सगळ्यांना, असा हा धंदा त्या देशात बसलेला होता. त्यात घाणही खूप होती. भडक मथळे, खोट्या बातम्या. पुलित्झरनेही ते केलं, आणि म्हातारपणी पत्रकारितेची शाळा काढायला पैसे ठेवले. परुळेकरांनी यातलं काय घेतलं आणि काय टाकलं, त्यात त्यांचं शहाणपण दिसतं. त्यांनी बातमी घेतली, स्वस्ताई घेतली, सोपी भाषा घेतली. भडकपणा टाकला.

परत आले तेव्हा सोबत पत्नी होत्या. मूळच्या फ्रेंच. इथे आल्यावर त्यांचं नाव शांता झालं. १९३० च्या पुण्यात, पेठेतल्या माणसांत, एक फ्रेंच बाई मराठी दैनिकाच्या संसारात उभी राहते, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्यांच्यावर कोणी नीट लिहायला पाहिजे.

आता पुण्याची तेव्हाची अवस्था. ‘केसरी’ होता, १८८१ पासूनचा. ‘ज्ञानप्रकाश’ होता, तो तर १८४९ पासूनचा. पण त्या काळचा पेपर म्हणजे मुख्यतः मत. अग्रलेख हा त्याचा प्राण. संपादक काय म्हणतात हे वाचायला लोक पेपर घ्यायचे. घटना काय घडली हे त्या मतात मिसळलेलं असायचं, दुधात साखर मिसळावी तसं, वेगळं काढता यायचं नाही. ती गरजच होती त्या काळाची, टिळकांनी काय केलं हे मी तुम्हाला सांगायला नको. पण त्यामुळे पेपर वाचणारा माणूस ठरावीकच राहिला. शिकलेला, बहुतेक शहरातला, बहुतेक वरच्या जातीतला.

परुळेकरांनी काय केलं? आधी बातमी. काय झालं, कुठे झालं, कधी झालं. मत असेल तर ते वेगळ्या जागी. तालुक्याच्या गावांना बातमीदार नेमले. नळाला पाणी नाही, रस्त्यावर दिवा नाही, ही बातमी झाली. बाजारभाव ही बातमी झाली. पुण्यातल्या विद्वानांनी नाकं मुरडली असणार, हा काय पेपर, यात विचार कुठाय? पण आपण मोंढ्यातली माणसं आहोत, आपल्याला सांगायला नको. कापसाचा कालचा भाव माहीत नसलेला शेतकरी आणि माहीत असलेला शेतकरी यांच्यात किती फरक असतो? अडत्यासमोर बसल्यावर कळतं. भाव छापणं हा साधा रकाना नाही. ज्याला भाव ठाऊक आहे त्याला फसवायला दुप्पट कष्ट पडतात.

आणि वेळ बघा कोणती. अंक निघाला १ जानेवारी १९३२ ला. गांधीजी गोलमेज परिषदेहून २८ डिसेंबरला मुंबईत उतरलेले. ४ जानेवारीला त्यांना अटक झाली आणि पुण्याच्या येरवड्यात आणलं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचं उपोषण आणि २४ तारखेचा पुणे करार. म्हणजे नऊ महिन्यांचं लेकरू असलेला पेपर, आणि देशातली सर्वांत मोठी बातमी त्याच्या गावात, मुळा-मुठा ओलांडली की तुरुंगाची भिंत. नवं दैनिक काढणाऱ्याच्या नशिबात असं क्वचित येतं. अर्थात सरकारी वटहुकमांचा वरवंटाही त्याच वर्षी सगळ्या पेपरांवर फिरत होता, हेही विसरायचं नाही.

मधली वर्षं मी भराभर टाकतो. पेपर वाढला. १९६० उजाडेपर्यंत त्याचा निव्वळ खप ५२,००० प्रतींवर गेला होता, महाराष्ट्रात आणि बेळगाव-कारवारच्या सीमाभागात. कोणत्या पक्षाचा नाही, हा त्याचा दावा होता आणि बऱ्याच अंशी तो खरा होता.

हा आकडा मला कुठे मिळाला? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात. आणि इथे आपण मूळ मुद्द्यावर येतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारने पहिला वृत्तपत्र आयोग नेमला, १९५२ ला, न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली. आयोगापुढे छोट्या पेपरांचं गाऱ्हाणं होतं: मोठ्या पेपरांकडे जाहिराती भरपूर, त्या जोरावर ते कमी किमतीत जास्त पानं देतात, आणि आम्ही मरतो. अगदी पुलित्झरचं गणित. आयोग म्हणाला, किंमत आणि पानं यांची सांगड घाला. अमुक किमतीला अमुकच पानं, जास्त पानं द्यायची तर जास्त किंमत घ्या. त्यावरून १९५६ ला कायदा झाला आणि १९६० ला त्याखाली आदेश निघाला. जाहिरातीला किती जागा द्यायची, पुरवण्या किती काढायच्या, तेही त्यात आलं.

‘सकाळ’चं तेव्हाचं कोष्टक असं होतं. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार पानं, म्हणजे सहा दिवसांची चौतीस पानं. किंमत सात नये पैसे. रविवारी दहा पानं, बारा नये पैसे. हिशेब करा, आठवड्याचे चोपन्न पैसे. महिन्याला साधारण सव्वादोन-अडीच रुपये. साधारण चाळीस टक्के जागा जाहिरातींची. आता आदेश म्हणतो, सात पैशांत एवढी पानं चालणार नाहीत. एक तर पानं कमी करा, नाही तर किंमत वाढवा.

तुम्ही म्हणाल, वाढवायचा एखाद पैसा, त्यात काय एवढं? पण हे चक्र कसं फिरतं ते मी स्वतः भोगलंय, म्हणून सांगतो. किंमत वाढली की काही वाचक गळतात. वाचक गळाले की जाहिरातवाला म्हणतो, तुमचा खप कमी झाला, दर कमी करा. जाहिरातीचं उत्पन्न घटलं की तूट भरायला पुन्हा किंमत वाढवायची, की आणखी वाचक गळणार. विहिरीवरचा रहाट उलटा फिरावा तसं होतं, पाणी वर येत नाही, पोहरा मात्र खाली खाली जातो. दुसरी वाट, पानं कमी करायची. मग कुठली पानं काढणार? जाहिरातीचं काढलं तर पगार कुठून द्यायचे? म्हणजे कात्री लागणार ती तालुक्याच्या बातमीला. जिंतूरच्या, गंगाखेडच्या.

परुळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार’. आणि यातला मला सर्वांत आवडलेला भाग असा की सोबत दोन साध्या वाचकांनीही वेगळे अर्ज केले होते. म्हणजे मालक म्हणतोय माझा छापायचा हक्क, आणि वाचक म्हणतोय माझा वाचायचा हक्क. पेपरसाठी वाचक दिल्लीपर्यंत जातो, मंडळी! आज आपण एखादा पेपर बंद पडला तर रद्दीवाल्याला विचारतो, आता काय भाव देणार.

निकाल लागला २५ सप्टेंबर १९६१ ला. पाच न्यायमूर्तींचं पीठ, निकाल लिहिला न्यायमूर्ती मुधोळकरांनी. ते आपल्या शेजारचे, वऱ्हाडातले. म्हणजे शिफारस राजाध्यक्षांची, कायदा दिल्लीचा, तक्रार परुळेकरांची आणि निकाल मुधोळकरांचा. सगळा मामला मराठी माणसांत.

सरकारचं म्हणणं होतं की पेपर हा धंदा आहे आणि जनहितासाठी धंद्यावर बंधनं घालता येतात. आम्ही कुणाला काही बोलायला बंदी करत नाही, फक्त गैरवाजवी स्पर्धा थांबवतोय. न्यायालयाने हे मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात भाषण-अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य वेगळं आहे आणि धंद्याचं स्वातंत्र्य वेगळं. धंद्यावर सर्वसाधारण जनहितासाठी बंधन चालतं. अभिव्यक्तीवर मात्र घटनेत जी कारणं मोजून लिहिली आहेत, तेवढ्यासाठीच चालतं, आणि ‘जनहित’ हा शब्द त्या यादीत नाही. विचार मांडायचा हक्क म्हणजे तो पोचवायचाही हक्क. किती पानं लिहायची आणि किती लोकांपर्यंत न्यायची, हे त्या हक्काचाच भाग. आणि एक स्वातंत्र्य वाढवण्यासाठी दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर थेट घाव घालता येणार नाही. कायद्यातलं ते कलम आणि तो आदेश, दोन्ही रद्द.

यातली बारीक गोष्ट लक्षात घ्या. सरकारने ‘सकाळ’ला एक ओळसुद्धा छापू नका असं म्हटलं नव्हतं. निजामासारखी बंदी नाही, अमेरिकेतल्या पोस्टमास्तरसारखं भाषांतर मागितलं नाही. फक्त हिशेबाच्या वहीत बोट घातलं होतं. न्यायालय म्हणालं, तिथे बोट घातलं तरी गळ्याला लागतं.

आता माझी गोष्ट.

मी साप्ताहिक काढलं तेव्हा माझ्याकडे होतं काय? एक जुनी ट्रेडल, खिळ्यांच्या चार केसा, एक म्हातारे जुळारी आणि माझी सायकल. कलेक्टर कचेरीत डिक्लरेशन केलं आणि लागलो. जुळारीकाका उर्दू शाळेत शिकलेले, पण मराठीची कानामात्रा त्यांची कधी चुकायची नाही. माझीच चुकायची, तेच दुरुस्त करायचे. चार पानं, दर गुरुवारी. मोंढ्याचे भाव, धरणाच्या पाण्याची पाळी, बदल्या, सप्त्याची पत्रिका, क्वचित एखादं लफडं उघडकीला आणलं तर त्या आठवड्यात अंक कमी पडायचे. वर्गणी वर्षाला ठरलेली, देणारे निम्मे. बाकीचे म्हणायचे, अहो देऊ ना, पळून चाललोय का कुठं. पळून कोणीच गेलं नाही, आणि पैसेही कोणी दिले नाहीत.

नवव्या-दहाव्या वर्षी एका मोठ्या दैनिकाने जिल्ह्याचं वेगळं पान सुरू केलं. नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही, धंदा आहे. रोजचा पेपर, त्यात परभणीचं पूर्ण पान, आणि किंमत अशी की तेवढ्यात माझा नुसता कागद आला नसता. माझे जाहिरातवाले एकेक करून तिकडे गेले. साडीच्या दुकानवाले सगळ्यात शेवटी गेले, आणि जाताना त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. अकराव्या वर्षी मी ट्रेडल भंगारात काढली.

त्या दिवसांत वकील साहेब मला म्हणाले, “अरे, तुला वाचवणारा कायदा होता. किंमत-पान कायदा. तो परुळेकरांनी कोर्टात पाडला.” झालं! माझ्या डोक्यात बसलं. पुण्याच्या मोठ्या माणसाने आपल्या सोयीसाठी गावच्या माणसाचं छप्पर काढून नेलं.

तो निकाल मी प्रत्यक्ष वाचला तो पुष्कळ वर्षांनी. वाचून राग पूर्ण गेला का? नाही, खोटं कशाला बोलू. आयोगाची भीती शंभर टक्के खरी ठरली. कागदाच्या किमतीपेक्षा स्वस्त पेपर आज आपण घेतोच आहोत, उरलेले पैसे जाहिरातवाला देतो. आणि पैसे देणाऱ्याचं ऐकावं लागतं. मी नंतर काही काळ एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. कापूस खरेदीत मापात मारतात, याची बातमी मी तीनदा पाठवली. तीनदा ती ‘जागेअभावी’ राहिली. त्याच पानावर अर्धं पान त्याच खरेदीदाराच्या वाढदिवसाचं होतं. परुळेकरांच्या सूत्रात बातमी आधी आणि जाहिरात तिला पोसणारी. आता काही ठिकाणी जाहिरात आधी आणि उरलेल्या जागेत बातमी. तालुक्याच्या बातमीदाराला जाहिरातीचं टार्गेट असतं, आणि इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते माहीत आहे. हसू नका, मागच्या रांगेतल्यांनी.

पण दुसरी बाजूही मला तेव्हा दिसली. समजा तो कायदा टिकला असता. कोणत्या पेपराने किती पानं काढायची हे दिल्लीतला अधिकारी ठरवतोय. १९७५ ला आणीबाणी आली. तेव्हा त्या अधिकाऱ्याच्या हातात हे कोष्टकही असतं, तर? आणि माझं साप्ताहिक त्याने वाचलं असतं, की माझ्या चार पानांची दोन केली असती? मला या प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात देताना त्रास झाला, कारण ते माझ्या सोयीचं नव्हतं.

१९७२ ला पुन्हा असाच प्रश्न आला. सरकारने कागदाच्या कोट्याच्या नावाखाली पेपरांना दहा पानांची मर्यादा घातली, आणि ३० ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ‘सकाळ’च्या निकालाचा आधार घेत ती रद्द केली. त्या वेळी न्यायमूर्ती मॅथ्यू मात्र वेगळे पडले. थोड्या बड्या मालकांच्या हातात सगळे पेपर गेले तर बाकीच्यांच्या बोलण्याच्या हक्काचं काय, अशी त्यांची काळजी होती. अल्पमतातलं मत, त्याचा कायदा झाला नाही. माझ्यासारख्या बंद पडलेल्या साप्ताहिकवाल्याला मात्र ते वाचताना कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ८ जानेवारी १९७३ ला, परुळेकर गेले. पेपर पुढे दुसऱ्यांच्या मालकीचा झाला, मोठा झाला, आपल्या मराठवाड्यातही आला. ती सगळी अलीकडची गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

मी थांबतो. प्रश्न असतील तर घ्या.

(प्रश्न: सर, मग तुम्ही न्यायमूर्ती असता तर निकाल कोणाच्या बाजूने दिला असता?)

परुळेकरांच्या. आणि घरी येऊन बायकोला सांगितलं असतं की आपलं साप्ताहिक आता फार दिवस चालायचं नाही.

(प्रश्न: पूर्वी पुण्या-मुंबईचे पेपर इथे कधी यायचे?)

माझ्या लहानपणी, मीटरगेजच्या दिवसांत, मनमाडकडून येणाऱ्या गाडीने गठ्ठे यायचे. गाडी वेळेवर असली तर दुसऱ्या दिवशी, नसली तर तिसऱ्या. आमच्या गल्लीत एक न्हावीकाका होते, त्यांच्या दुकानात एकच पेपर यायचा आणि वीस माणसं ऐकायची. वाचणारा मी, कारण मला जोडाक्षरं यायची. त्याबद्दल माझे केस फुकट कापले जायचे. लोक आधी काय विचारायचे? भाव. मग पाऊस. मग कोणी मंत्री काय म्हणाला ते, तोपर्यंत निम्मे उठून गेलेले असायचे.

(प्रश्न: तुमच्या साप्ताहिकाचं आता काही शिल्लक आहे का?)

जुळारीकाकांनी ट्रेडल नेऊ दिली, पण नावाचा ब्लॉक काढून घेतला होता. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने तो मला आणून दिला. लाकडावर बसवलेला, अक्षरं उलटी. घरी टेबलावर आहे. नातू विचारतो, आजोबा, हे कोणत्या भाषेत लिहिलंय? मी त्याला आरसा आणायला सांगतो.